कडेवरची किनाको

नियम करणाऱ्यांनो, किनाकोला भुंकायला तुम्ही शिकवलंत. दुसऱ्या कुणीही नाही. तिच्या आईने शिकवलं नाही, शिबा जातीच्या रक्ताने शिकवलं नाही, आणि मोमियामांच्या घरच्या वळणात तर मोठ्याने शिंकणंसुद्धा बसत नाही. 'इमारतीच्या सामायिक जागेत पाळीव प्राण्याचे पाय जमिनीला लागता कामा नयेत, प्राणी कडेवर घ्यावा' हे वाक्य ज्याने कुणी लिहिलं आणि काचेच्या चौकटीत घालून लिफ्टशेजारी टांगलं, त्याने उभ्या जन्मात मांजराचं पिल्लूसुद्धा कडेवर घेतलेलं नसणार. घेतलं असतं तर त्याला कळलं असतं, की कडेवर बसलेल्या प्राण्याचा कान नेमका माणसाच्या काळजावर येतो. आणि मोमियामांच्या काळजात त्या वेळी जे काय चाललेलं असायचं, ते ऐकून कुणीही भुंकलं असतं.

मोमियामा तेत्सुहिको हे सेन्दाईतल्या एका भाताचे कुकर बनवणाऱ्या कंपनीत तक्रार विभागाचे प्रमुख. त्यांची सगळी नोकरी माफी मागण्यात गेली. भात करपला, मोमियामा वाकले. भात गिचका झाला, मोमियामा वाकले. एका बाईंनी कुकरमध्ये तांदूळच घातले नव्हते आणि भात झाला नाही म्हणून त्या फोनवर ओरडत होत्या, तेव्हाही मोमियामा रिसीव्हर कानाला धरून भिंतीवरच्या कॅलेंडरसमोर कमरेत वाकले. फोनमध्ये वाकणं दिसत नाही, पण न वाकता मागितलेली माफी आवाजात कळते, असं त्यांचं ठाम मत होतं. विभागात येणाऱ्या नव्या पोरापोरींना ते स्वतः उभं राहून शिकवायचे: मान किती, खांदे किती, कंबर किती, आणि समोरचा सरळ होईपर्यंत आपण सरळ व्हायचं नाही. अशा माणसाच्या घरात कुत्रा आणावा का, हा प्रश्न त्यांच्या बायकोला, साचिएबाईंना, पडला नाही. मुलगी नोकरीसाठी ओसाकाला गेली, घरात फक्त घड्याळ बोलायला लागलं, तेव्हा त्या एक शिबाचं पिल्लू घेऊन आल्या. भाजलेल्या सोयाबीनच्या पिठाचा जो रंग, तोच तिचा रंग. म्हणून नाव त्या पिठाचंच ठेवलं, किनाको.

पिल्लू होती तोवर ठीक होतं. मग ती मोठी झाली आणि तांदळाच्या दहा किलोच्या पोत्याइतकी जड झाली. साचिएबाईंचं मनगट जुनं दुखरं, त्यांना ती उचलवेना. त्यामुळे घराच्या दारापासून खालच्या फाटकापर्यंत तिला कडेवर न्यायचं काम मोमियामांकडे आलं. फाटकाबाहेर ते पट्टा बायकोच्या हातात द्यायचे आणि ऑफिसला पळायचे. साचिएबाई तिला हिरोसे नदीच्या काठाला घेऊन जायच्या. फिरून आल्या की वरच्या मजल्यावरचा कुणीतरी सद्गृहस्थ पकडून तिला वर आणायच्या, आणि त्या कडेवर ती पोत्यासारखी निवांत पडून असायची. याचा अर्थ काय, हे खरं तर मोमियामांना तेव्हाच विचारता आलं असतं. पण विचारायला ते घरी कुठे असायचे?

त्या इमारतीच्या लिफ्टमध्ये एक खास बटण आहे. प्राणी घेऊन आत शिरलात की ते दाबायचं, म्हणजे प्रत्येक मजल्यावर बाहेर दिवा लागतो आणि ज्याला कुत्र्यांचं वावडं असेल तो थांबून राहतो. मोमियामा ते बटण दाबायचे तेव्हा आपण काहीतरी गुन्हा कबूल करतोय असं त्यांना वाटायचं. त्यातून त्यांनी शिबा जातीबद्दल वाचलेलं. वाचायला नको होतं. 'शिबा हा स्वाभिमानी असून इतर कुत्र्यांशी त्याचं पटेलच असं नाही.' हे वाक्य त्यांच्या डोक्यात बसलं आणि तिथून उठेना.

एके दिवशी सकाळी लिफ्ट मधल्या मजल्यावर थांबली. दार उघडलं. समोर कुसुनोसेबाई. या विधवा बाईंचं पूर्वी मासळीचं दुकान होतं. बर्फाने भरलेली खोकी उचलून उचलून त्यांचे दंड असे झाले होते की सोसायटीतल्या कुणाचंही फर्निचर हलवायचं असेल तर आधी त्यांना बोलवायचे. त्या दंडांवर त्यांचा पूडल बसलेला, मारोन, लोकरीच्या गुंड्याएवढा.

किनाकोने मारोनकडे पाहिलं. मारोनने किनाकोकडे पाहिलं. दोघांनाही काही म्हणायचं नव्हतं.

पण मोमियामांना म्हणायचं होतं. त्यांचा श्वास अडकला, हात आवळले, काळीज धडधडायला लागलं, आणि काहीही घडलेलं नसताना सवयीने तोंडातून निघालं, "माफ करा! अगदी माफ करा!" आणि ते वाकले. व्यवस्थित, पूर्ण, कमरेतून.

आता कडेवर कुत्रा घेऊन माणूस वाकला की काय होतं? कुत्रा पुढे जातो. किनाकोचं नाक थेट मारोनच्या तोंडावर आदळलं. मारोन किंचाळला. किनाको भुंकली.

"अहो छे छे, मोमियामा-सान! माफ तुम्ही करा. आमचाच मेला आगाऊ आहे!" असं म्हणून कुसुनोसेबाई वाकल्या. मारोन किनाकोच्या कानात गेला. किनाको आणखी भुंकली.

"नाही नाही, चूक आमचीच!" मोमियामा वाकले.

"तुमची कशी, तुमची कशी!" बाई वाकल्या.

ज्यांनी हा प्रकार जवळून पाहिला आहे त्यांना ठाऊक आहे, की यात आधी थांबतो तो उद्धट ठरतो. लिफ्ट तळाला गेली, दार उघडलं, बंद झालं, कुणीतरी वरून बोलावली म्हणून पुन्हा वर गेली. दार उघडलं की बाहेर उभ्या माणसाला दिसायचं ते असं: दोन सभ्य माणसं आळीपाळीने एकमेकांच्या तोंडावर कुत्री फेकताहेत.

त्या दिवसापासून किनाको लिफ्टमध्ये मारोन दिसला की भुंकायला लागली. मग कुठलाही कुत्रा दिसला की. मग लिफ्टचं दार उघडलं की.

मोमियामांनी चूक निस्तरायला जे केलं ते अशा माणसाने करण्यासारखंच होतं. ते गोडाच्या वड्यांचा खोका घेऊन कुसुनोसेबाईंकडे गेले. बाईंना एवढा महाग खोका फुकट कसा घ्यावा, म्हणून दुसऱ्या दिवशी त्यांनी वाळवलेले मासे पाठवले. मासे खोक्यापेक्षा भारी, म्हणून साचिएबाईंनी पर्सिमनची फळं पाठवली. आठवडाभरात दोन्ही घरांतली फळी खाण्याने भरली. आणि ही देवाणघेवाण प्रत्येक वेळी लिफ्टमधूनच व्हायची, प्रत्येक वेळी वाकून, आणि कधीकधी कडेवर कुत्रा असतानाच.

मग सल्ले आले. सोसायटीत पाण्याचा नळ गळला तर कुणी फिरकत नाही, पण सल्ला द्यायला लोक चपला न घालता धावतात. वरच्या मजल्यावरचे निवृत्त मास्तर म्हणाले, "मोमियामा-सान, तळहातावर बोटाने 'माणूस' या अर्थाचं अक्षर लिहा आणि गिळून टाका. आमच्या शाळेत नाटकाआधी पोरं हेच करायची. भीती जाते." मोमियामांनी लिफ्टमध्ये ते केलं. किनाकोला वाटलं, हे मला न देता काहीतरी खाताहेत. तिने तळहात चाटला, नाक चाटलं, चष्मा चाटला, आणि आंधळे झालेले मोमियामा दार उघडल्यावर कुत्रा समजून एका बाईंच्या फर टोपीची माफी मागत बसले.

शेजारच्या ओतोबे वहिनी योगवर्गाला जायच्या. त्या म्हणाल्या, "भाऊजी, श्वास पोटातून घ्या. आत, बाहेर, आत, बाहेर." भाऊजींनी तसा घेतला. बंद लिफ्टमध्ये एक मध्यमवयीन गृहस्थ बटणांकडे बघत जोरजोरात श्वास सोडतोय, अशी तक्रार खाली पहारेकऱ्याकडे गेली.

तिसऱ्याने सांगितलं, तोंडात खारवलेला आंबट आलुबुखार धरा, लक्ष तिकडे राहील. राहिलं. फक्त माफी मागताना बी उडून मारोनच्या लोकरीत बसली.

"बाबा, अहो, नदीवर ती नीट वागते हो," साचिएबाई रोज सांगायच्या. मुलगी झाल्यापासून त्या नवऱ्याला बाबाच म्हणत. "ती आणि मारोन रोज एकत्र हुंदडतात. कुसुनोसे-सान आणि मी बाकावर चहा पितो."

"नदीवरचं वेगळं."

"काय वेगळं? तोच कुत्रा, तोच मारोन. फक्त तुम्ही नसता."

हे वाक्य मोमियामांच्या फार जिव्हारी लागलं. तक्रार विभागात त्यांच्याबद्दल कधी कुणी तक्रार केली नव्हती.

शेवटी त्यांनी ठरवलं, कुत्र्यांची बाबागाडी घ्यायची. किनाको गाडीत, हात मोकळे, प्रश्न मिटला. ते परवानगी मागायला अध्यक्षांकडे गेले. सोसायटीचं अध्यक्षपद पाळीने येतं आणि त्या वर्षी ते हिरुमा नावाच्या कवळ्यांच्या सामानाच्या व्यापाऱ्याच्या डोक्यावर बसलं होतं. अध्यक्ष झाल्यापासून हिरुमांचं पोट बिघडलेलं. त्यांनी पोटावर हात ठेवून नियम वाचला.

"मोमियामा-सान, गाडीत प्राण्याचे पाय जमिनीला लागत नाहीत हे खरं. पण गाडी म्हणजे कडेवर नव्हे."

"मग पिशवी? पिशवी मी कडेवर घेईन."

"पिशवीतून डोकं बाहेर राहणार का?"

"श्वास घ्यायला हवा ना, हिरुमा-सान."

"मग डोकं कडेवर आहे की पिशवीत, हा मुद्दा येतो."

"हा नियम मुळात केला कशासाठी?"

हिरुमांनी निश्वास सोडला. "ते आधीच्या कुठल्यातरी कमिटीने केलं. का केलं याची नोंद नाही. तीच तर अडचण आहे. कारण माहीत असतं, तर ते कारण संपलं की नाही ते तपासून नियम बदलता आला असता. कारणच नाही म्हटल्यावर तो संपणार कसा?"

आणि मग सूचनाफलकावर कागद लागला. 'काही रहिवाशांच्या काही प्राण्यांकडून काही वेळा आवाज होत असल्याचे निदर्शनास आले आहे.' नाव कुणाचंच नव्हतं. ते वाचून प्रत्येकजण मोमियामांकडे न बघता निघून जायचा, आणि न बघण्यात किती बघणं असतं ते तक्रार विभागात आयुष्य काढलेल्याला बरोबर कळतं. खाली बारीक अक्षरांत होतं: येत्या रविवारी लॉबीत कमिटीसमोर संबंधित प्राण्याची दुसऱ्या प्राण्याशी गाठ घालून पाहण्यात येईल. प्राणी शांत न राहिल्यास त्याची सोय इमारतीबाहेर करावी.

सोय! सोय म्हणजे साचिएबाईंचं माहेर, शेजारच्या यामागाता प्रांतातलं. तिथे भावजयीचं अंगण मोठं होतं आणि ती घ्यायला तयारही होती. साचिएबाईंनी किनाकोची थंडीतली लोकरीची चादर धुऊन, घडी करून ठेवली. घडी केलेली चादर पाहून मोमियामा बाथरूममध्ये गेले आणि बराच वेळ नळ सोडून बसले.

शनिवारभर त्यांनी तांदळाचं पोतं कडेवर घेऊन तालीम केली. सोफ्यासमोर उभं राहायचं, सोफा म्हणजे कमिटी. शांत श्वास. हलकं वाकणं. पोतं पुढे जाता कामा नये. संध्याकाळपर्यंत पोतं अजिबात भुंकलं नाही. कंबर मात्र बारीक कुरकुर करायला लागली होती. त्यांनी तिच्याकडे दुर्लक्ष केलं. एवढ्या तक्रारी ऐकल्या, ही एक नाही ऐकली.

रविवारी लॉबीत कमिटी घडीच्या खुर्च्यांवर बसली होती. कुसुनोसेबाई मारोनला घेऊन उभ्या. दुसरा प्राणी म्हणून आपल्यालाच बोलावलं याचा त्यांना इतका संकोच की त्या घामाने भिजलेल्या. लिफ्टचं दार उघडलं, मोमियामा किनाकोला घेऊन बाहेर आले. कमिटीकडे पाहिलं. आणि शनिवारची सगळी तालीम विसरून उभ्या आयुष्याची सवय वर आली.

"माफ करा! सुट्टीच्या दिवशी आपल्याला त्रास..."

ते वाकले. पूर्ण. किनाकोने भुंकायला तोंड उघडलं, तोच त्यांच्या कमरेत खटकन काहीतरी झालं आणि ती भुंकणं विसरली. आणि मोमियामा तिथेच राहिले.

कमिटीला वाटलं, काय ही नम्रता! सगळे उठून वाकले. शिष्टाचार असा की समोरचा सरळ होईपर्यंत आपण सरळ व्हायचं नाही. मोमियामा सरळ होत नव्हते, कारण त्यांना होताच येत नव्हतं. कमिटी सरळ होत नव्हती, कारण मोमियामा होत नव्हते. लॉबीत पाच-सहा प्रतिष्ठित माणसं गुडघ्यांकडे बघत उभी. कुठेतरी पाण्याचा पंप चालू झाला, बंद झाला.

"अहो... उचला मला," मोमियामा गुडघ्यांना म्हणाले.

हातातली ताकद गेली आणि किनाको घसरून खाली उतरली. तिचे चारही पाय इमारतीच्या इतिहासात प्रथमच लॉबीच्या फरशीला लागले. कुसुनोसेबाईंनी मारोनला खाली ठेवलं, दोन ढांगांत येऊन मोमियामांना काखेत धरलं आणि मासळीचं खोकं उतरवावं तसं सोफ्यावर आडवं केलं. अध्यक्ष "पाय! पाय!" म्हणाले. कुणाचे पाय ते लगेच कुणाला कळेना.

आणि किनाको? तिने मारोनला हुंगलं. मारोनने तिला हुंगलं. मग दोघं शेजारी बसून सोफ्यावरच्या माणसाकडे कुतूहलाने पाहायला लागले.

"गप्प आहेत," ओतोबे वहिनी कुजबुजल्या. सुनावणीत त्यांना कुणी बोलावलं नव्हतं, पण त्या होत्याच.

हिरुमा पोट धरून पुढे आले. झालं ते फार वाईट झालं, आपल्या अध्यक्षपदाच्या काळात झालं, म्हणून ते रीतसर म्हणाले, "मोमियामा-सान, माफ करा..."

किनाको ताडकन उठली आणि अध्यक्षांवर भुंकली. तिचं बघून मारोनही भुंकला.

साचिएबाईंनी एकदम हात वर केला. "हिरुमा-सान, परत बोला जरा."

"काय?"

"माफ करा म्हणा."

"माफ करा."

भुंकली.

"आता म्हणा, आज गारठा आहे."

"आज... गारठा आहे." किनाको बसली.

साचिएबाई नवऱ्याच्या डोक्याशी जाऊन बसल्या. "बाबा, रोज लिफ्टमध्ये काहीही झालेलं नसताना तुम्ही हेच म्हणता. आणि म्हणताना तिला असं आवळता जणू आता बिबट्या येणार आहे. तिला काय कळणार? तिला वाटतं, हे शब्द आले म्हणजे धोका आला. तुम्ही घाबरलात की ती तुम्हाला वाचवायला भुंकते हो."

मोमियामांच्या डोळ्यांत पाणी आलं. कमरेमुळे आलं असं त्यांनी सर्वांना सांगितलं.

कुसुनोसेबाई खाली मान घालून म्हणाल्या, "आमच्याकडेही हेच असणार. मी तर किनाकोचा दिवा लागला की याला घट्ट धरून ठेवायची. मोमियामा-सान, मला माफ..." दोन्ही कुत्री उठली. "...मला चहा चालेल," बाई म्हणाल्या.

पुढचा अर्धा तास कमिटीने निकाल द्यायचा प्रयत्न केला. गंमत अशी, की त्या माणसांना ते दोन शब्द न वापरता वाक्यच सुरू करता येईना. तोंड उघडायचे, कुत्र्यांकडे बघायचे, मिटायचे. शेवटी इतकं ठरलं: प्राणी कडेवर असताना शांत राहतो की नाही हे पाहायचं होतं, प्राणी कडेवर नव्हता, सबब चाचणी झालीच नाही, सबब इमारतीबाहेर सोय करण्याचा प्रश्न तूर्त उद्भवत नाही. फरशीला पाय लागल्याबद्दल विचार नंतर. हिरुमांनी एवढं वाचून दाखवलं आणि पोटाची गोळी न घेता घरी गेले. बऱ्याच महिन्यांत पहिल्यांदा.

डॉक्टरांनी मोमियामांना जड उचलायला बंदी केली. तेव्हा कुसुनोसेबाईच म्हणाल्या, "तुमची माझ्याकडे द्या, माझा तुम्ही घ्या. मला पोत्यांची सवय आहे." आता रोज सकाळी त्या किनाकोला दंडावर टाकून खाली नेतात आणि मोमियामा लोकरीचा गुंडा हातात धरून शेजारी उभे राहतात. मारोन कुणाला चावेल का, कुणावर भुंकेल का, याची त्यांना तिळमात्र काळजी वाटत नाही. तो त्यांचा कुत्रा नाही! बाईंनाही किनाकोची वाटत नाही. लिफ्ट थांबते, दार उघडतं, नवे कुत्रे आत येतात, आणि चौघेही शांतपणे आकडे बघत राहतात.

परवा नदीकाठी सगळ्यांनी मिळून चूल मांडली, अरवीच्या कंदांचा रस्सा केला. साचिएबाईंनी माहेरच्या रीतीने सोया सॉस घातला, कुसुनोसेबाईंनी सेन्दाईच्या रीतीने मिसो, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनचा गोळा, घालायचा म्हणून दुसरं पातेलं चढवलं, आणि यावरून जे भांडण जुंपलं त्यात कुणीही कुणाची माफी मागितली नाही. किनाको आणि मारोन वाळूत लोळत होते. मोमियामांनी दोन्ही पातेल्यांतलं दोनदा घेतलं आणि पट्टा सैल हातात धरून बसून राहिले. ऑफिसात त्यांनी नव्या पोरांना आता वेगळं शिकवायला सुरुवात केली आहे: फोन उचलल्यावर आधी ऐका, गुन्हा घडला आहे का ते विचारा, मग वाका.

तो नियम मात्र काचेच्या चौकटीत जसाच्या तसा आहे. फरशीवर चारही पाय ठेवलेला कुत्रा गप्प बसला, हे तुमच्या कमिटीने उघड्या डोळ्यांनी पाहिलं. कडेवर, घाबरलेल्या छातीला आवळलेला कुत्रा भुंकला, हे रोज लिफ्टमधून ऐकलं. मग नियम करणाऱ्यांनो, भीती कुणाची होती? कुत्र्याची, माणसाची, की तुमची स्वतःची, जी तुम्ही चौकटीत घालून सगळ्यांच्या कडेवर दिलीत? याचं उत्तर द्या. लेखी द्या, तोंडी द्या, लॉबीत उभं राहून द्या. फक्त उत्तराची सुरुवात 'माफ करा'ने करू नका. किनाको खालीच बसलेली असते.